बारा की एकवीस

वही माझ्याकडे असते.
दुपारी शाळेत पोरांना सूप वाढते,
संध्याकाळी टेबलाशी बसून
त्याच पोरांचे गुण आणि फाउल मांडते,
पेन्सिलीने.
विमानातून आणलेलं पेन तासभर लिहीत नाही.

कुस्कोक्विम गोठली की आमचा मोसम उघडतो.
अलास्काच्या या टोकाला रस्ता म्हणून नाही.
सामन्याला जायचं तर नऊ जणांचं विमान,
आणि वैमानिक आधी प्रत्येकाला काट्यावर चढवतो,
बॅगेसकट, बुटांसकट,
सुक्या माशांच्या पोत्यासारखं.
वासिली तेवढ्यापुरता श्वास रोखून धरतो.
एकशे अठरा किलो. पोरं खिदळतात.
पण तोल राखायला पुढची जागा त्यालाच,
आणि वारा सुटला की
सगळे त्याच्या रुंद पाठीकडे बघत बसतात.

पोरं आठच.
ओलाफच्या चष्म्याला मागून रबर बांधलेलं.
ईव्हॉन, नंबर एकवीस,
न बघता पास देतो,
आणि बोलतोही न बघताच.
झेवियर, नंबर बारा,
पहिले दोन सामने नव्हताच:
आजोबांबरोबर बर्फाखालची जाळी ओढत होता.
आला तेव्हा बोटं सुजलेली.
सात फ्री थ्रो, सहा आत.
सातव्यासाठी त्याने बोटांना दोष दिला नाही.

परक्या गावात बालवर्गाच्या फरशीवर झोपायचं,
डोक्यावर मुळाक्षरांच्या माळा,
पायाशी वीतभर खुर्च्या.
कोच मोझेस दिवा घालवतो आणि लगेच घोरतो.
अंधारात पोरं हरलेला सामना
कुजबुजत पुन्हा खेळतात,
आणि जिंकतात.

जानेवारीत जुन्या कालगणनेचा नाताळ.
तारा फिरवत, घरोघरी गात,
रात्र रात्र जागली.
नंतरच्या सामन्यात
'इकडे!' म्हणायलाही कुणाला घसा नव्हता.
एकोणतीस गुणांनी हरलो.
वहीत फक्त एकोणतीस.

मग घरचा शेवटचा सामना.
जिंकला तर पुढची फेरी.
अख्खं गाव आत, दारात बुटांचा डोंगर,
कुणाचं तरी तान्हं माझ्या मांडीवर.
तीन मिनिटं उरलेली, बावन्न-बावन्न.
शिट्टी.
पंचाने दोन्ही हात वर केले,
एका हाताचं एक बोट, दुसऱ्याची दोन.
कुठला हात आधी?
बाळाने पेन्सिल धरली होती.
मी ती सोडवली आणि लिहिलं: बारा.
झेवियरचा पाचवा. बाहेर.

त्याने माझ्याकडे बघितलं.
फार नाही, एखादा श्वास होईल इतकंच.
ईव्हॉन खाली वाकून
बांधलेली नाडी पुन्हा बांधत होता.
झेवियर गेला, बाकावर बसला,
डोक्यावरून टॉवेल घेतला.
एका गुणाने गेलो.

चार दिवसांनी वासिलीच्या बहिणीने
फोनवर सामना दाखवला.
धक्का ईव्हॉनचा. स्पष्ट.
पोटात काहीतरी खाली गेलं,
विमान हवेच्या खड्ड्यात जातं तसं.

सोमवारी तो ताटली घेऊन रांगेत होता.
म्हटलं, "तो एकवीस होता."
"माहीत आहे."
"मग बोलला का नाहीस?"
त्याने मागे बघितलं. ईव्हॉन दोन पोरं सोडून उभा होता,
ताटलीच्या काठावर अंगठा घासत.
"तू लिहिलं होतंस ना, आत्या,"
झेवियर म्हणाला,
आणि मग, "बटाटे थोडे जास्त घाल."

वहीतला आकडा मी खोडला नाही.
दोनदा रबर हातात घेतलं.
नदी आता मधोमध काळी दिसू लागली आहे,
पोरं किनाऱ्यावर होड्या डागडुजी करतात,
झेवियर आणि ईव्हॉन एकाच होडीच्या दोन बाजूंना,
न बोलता, एकाच डब्यातून डांबर घेत.

नोव्हेंबरात पुन्हा वही उघडेन.
बारा लिहिताना आधी एक काढेन.
मग मान वर करेन.