एकवीस नोव्हेंबर, पान चार

सांजदैनिकाच्या पान चारवर,
पंचांगाच्या खाली आणि सोन्याच्या भावाच्या वर,
रोज सात ओळी भरायच्या असतात मला :
'सुरांच्या दुनियेत आजचा दिवस'.

एकवीस तारखेला माल बरा मिळतो.
दूर कुठल्याशा थंड शहरात चार पोरांचा बँड फुटला,
ड्रमवाला म्हणे चहाला म्हणून उठला तो परतलाच नाही.
एका बाईचं गाणं अकरा आठवडे पहिलं राहून
बाराव्या आठवड्यात दुसरं झालं.
कुणा शेठने लिलावात गिटार घेतली
आणि न वाजवता भिंतीला टांगली.

चार ओळी झाल्या. तीन उरल्या.
गंजमाळच्या कचेरीत पंखे बंद ठेवायचे दिवस,
खिडकीतून डिझेल आणि तळणीतल्या चिवड्याचा वास.
गडाखसाहेब मफलरीतून म्हणाले,
"लोकल काहीतरी टाक."

लोकल.
या गावात एकवीस नोव्हेंबरला कधी काय झालंय?

मग आठवल्या सालोमीमावशी.
शरणपूरच्या चाळीत समोरच्या,
मिशनच्या दवाखान्यात जखमेवरची पट्टी त्यांची
आणि रविवारी चर्चमध्ये
सगळ्यात वरची पट्टीही त्यांचीच.

शहात्तर साली
सकाळच्या पंचवटीने त्या मुंबईला गेल्या,
कोरसमधली कुणी मुलगी तापाने पडली म्हणून.
बारा बायका, दोन माईक,
दुसऱ्या कडव्याआधी नुसता एक 'आ'.
"डावीकडून तिसरा आवाज माझा," सांगायच्या,
जणू आवाज बाकावर बसलेले असतात.
पाकिटात पंच्याहत्तर रुपये.
व्हाउचरवर 'सलमा' लिहिलेलं,
त्यांनी 'सलमा' अशीच सही ठोकली.

गाणं चाललं. असं चाललं
की भद्रकालीतल्या बँडवाल्यांनी सनईवर बसवलं,
रंगपंचमीला रहाडीच्या काठावर कर्णा त्याच्यावरच अडकला,
आणि वॉर्डातल्या ट्रान्झिस्टरवर लागलं
की मावशींचा हात कुणाच्या तरी गुडघ्यावर
अर्ध्या पट्टीत थांबायचा.
"आता... आता... हां. हे."
मग गाठ मारायच्या. घट्ट.

रेकॉर्डच्या वेष्टणावर सगळं होतं,
कंपनीचा पत्ता,
सुई वेळेवर बदलण्याची सूचनासुद्धा.

मी लिहिलं :
'१९७६. नाशिकच्या सालोमी भालेराव यांनी
एका गाजलेल्या गाण्याला
अकरा सेकंद आवाज दिला.'
गडाखांनी 'अकरा सेकंद' खोडून 'पार्श्वगायन' केलं.
ते जेवायला गेल्यावर
मी पुन्हा अकरा सेकंद केलं.

संध्याकाळी साडेसातला फोन.
"पोरा, सालोमी बोलतेय. लासलगावहून, लेकीकडून.
जावयाने वाचून दाखवलं. तारीख चुकली बघ.
एकवीसला नुसती बसवून ठेवली होती,
सतारवाला आला नव्हता.
गायलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेलेला.
म्हणजे बावीस."

मी म्हटलं, "कुणाला कळणारे, मावशी?"

"मला.
आणि अकरा नाही, नऊ.
शेवटचे दोन व्हायोलिनचे. दुसऱ्याचे कशाला घेऊ?
घड्याळ आहे ना हातात? मोज."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती विरेपर्यंत त्या थांबल्या.
मग 'आ' आला,
सुरुवातीला दाराची कडी काढावी तसा करकरत,
मग सरळ.
दोन, तीन, चार.
कचेरीतल्या प्रिंटरला कुणी बंद केलं, मला माहीत नाही.
सातव्या सेकंदाला खोकला आला.

"दोन राहिले," म्हणाल्या.
"ते तू धर."

दुसऱ्या दिवशी, बावीस नोव्हेंबर,
त्या थंड शहरातही काही ना काही घडलेलं असणारच.
पान चारवर, सोन्याच्या भावाच्या वर,
चौकटीत, बारीक टाइपात :

शुद्धिपत्र.
एकवीसच्या जागी बावीस,
अकराच्या जागी
नऊ वाचावे.