दुभाष्याने हसायचं नसतं

पहिला नियम: 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही.
तिच्या तोंडचा 'मी' माझ्या तोंडी 'मी'च राहिला पाहिजे.
म्हणून लाँग बीचच्या अकराव्या मजल्यावर, थंडगार खोलीत,
काचेपलीकडे नांगरलेली मालवाहू जहाजं,
खाली ओशन बुलेव्हार्डवर जत्रेसारखा सोमवार,
मी, पन्नाशीचा, टाय लावलेला, मिशीवाला,
शपथेवर सांगतो:
मी व्हॅन चालवत होते.
मागे डोनटची गुलाबी खोकी होती, चाळीस.
सिग्नल लाल होता. मी थांबले.
मागच्या गाडीतला मुलगा थांबला नाही.
त्याच्या टपावरची लाटांवर खेळायची फळी
माझ्या डोक्यावरून पुढे जाऊन पडली.
तो उतरून आधी तिच्याकडे धावला.

"कुठे दुखतं?" मिस ऑल्डरिच विचारतात, विमा कंपनीच्या.
डाय, म्हणते यीम चान्थू.
इथे पंचाईत. आमच्या ख्मेरमध्ये
खांद्यापासून नखापर्यंत सगळा डायच.
कंपनीच्या तक्त्यात मात्र दंड वेगळा, कोपर वेगळं,
मनगटाचा भाव निराळा,
करंगळी अंगठ्याहून बरीच स्वस्त.
नक्की कुठे, मी परवानगी घेऊन विचारतो.
ती उजवा हात टेबलावर ठेवते.
अख्खा.
पहाटे तीनला मैद्याच्या गोळ्यावर ठेवत असेल तसा.

"या हाताला पूर्वी कधी इजा?"
तिचे वकील डेलगाडो हरकत घेतात
(यांचाच चेहरा बसथांब्याच्या बाकावर
'पैसे मिळाले तरच फी' म्हणत हसतो,
आणि लोक त्यावर टेकून बसतात).
हरकत नोंदली जाते. उत्तर तरीही द्यावं लागतं.
ती बराच वेळ जहाजांकडे बघते.
हो, मी म्हणतो. एकदा.
मी पंधरा वर्षांची होते. आम्ही कालवा खणत होतो.
"हाड मोडलं होतं?"
कोण सांगणार. बांबूची काडी बांधली.
दुसऱ्या दिवसापासून डाव्या हाताने खणलं.
"त्या इजेबद्दल भरपाईचा दावा केला होता?"

हा छापील प्रश्न आहे, सगळ्यांना विचारतात.
बाई वाईट नाहीत, चष्मा पुसता पुसता विचारतात.
मी तो जसाच्या तसा पलीकडे नेतो,
'भरपाई'पाशी जीभ जरा अडखळते.

आणि चान्थू हसते.
दाढा दिसतील असं, खुर्ची करकरेल असं,
डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.
टंकलेखिका बोटं अधांतरी धरून माझ्याकडे बघते.
हसण्याचं भाषांतर करत नाहीत.
ते सगळ्यांना कळतं, असं नियमांनी धरून चाललंय.
मी ग्लासातलं पाणी पितो, गालाच्या आत चावून.
"कृपया शब्दांत उत्तर द्या."
नाही, मी म्हणतो. दावा केला नाही.

आकडा ऑक्टोबरात आला. एक्केचाळीस हजार.
त्यातून वकिलाचा तिसरा हिस्सा,
मग इस्पितळ,
मग रबरी चेंडू दाबायला शिकवणारा तो हसतमुख तरुण,
मग किरकोळ खर्च; किरकोळात माझे तीन तास.
उरले अकरा हजार पाचशे त्र्याऐंशी.
व्हॅनचं दार अजून दोरीने बांधलेलं आहे.

शेवटचा कागद मीच वाचून दाखवला.
'याबाबत यापुढे माझी
कुणाविरुद्धही कसलीही तक्रार उरलेली नाही.'
माझी म्हणजे कुणाची, तिने विचारलं.
तुमची, मावशी.
कुणाविरुद्धही?
हो, तसं लिहिलंय.
तिने पेन डाव्या हातात घेतलं, सावकाश सही केली,
वळणदार, एकही अक्षर न थरथरता,
आणि काहीतरी पुटपुटली.
"काय म्हणाली?" डेलगाडोंनी झाकण लावत विचारलं.
चोवीस वर्षांत पहिल्यांदा चुकलो मी.
ती म्हणते, मी म्हणालो,
ती म्हणते, सराव आहे.