दोन हिसके

चौथ्या मजल्यावरून आम्ही टोपली सोडतो.
अख्खी गल्लीच सोडते; इझ्मीरच्या या चढावर
जिन्याचा कंटाळा सगळ्यांना.
दोन हिसके म्हणजे भरली, ओढा.
एक म्हणजे रिफ्कीकडे सुटे नाहीत.

निहान बोलायला लागली तेव्हापासून
दोर माझ्या मुठीत
आणि तिची मूठ माझ्या मुठीवर.
मी ओढतेय, म्हणायची.
तूच तर, म्हणायचो.
पाव वर यायचा गरम गरम,
श्रेय तिचं, घाम माझा.

आज सकाळी म्हणाली, टोपली नको.
मी जाते.
फेरिदे कामावर गेलेली, मी रात्रपाळीहून आलेला,
बंदराचे दिवे डोळ्यांत अजून विझायचे होते.
म्हटलं, जिना अंधारा आहे.
बटण आहे ना.
बटणाचा दिवा मध्येच जातो.
मग पुढच्या मजल्यावर पुन्हा दाबेन.
सहा वर्षांच्या माणसाशी
याहून जास्त वाद घालता येत नाही.

पैसे तिनं मोज्यात घातले,
खिशावर तिचा भरवसा नाही.
आणि दारातून वळून म्हणाली,
खिडकीतून बघायचं नाही हं, बाबा.

चौथा. तिसरा.
पावलं मोजत दाराशी उभा राहिलो.
दुसऱ्यावर दिवा गेला असणार,
कारण पावलं थांबली.
दाराची कडी माझ्या हातात,
हात माझ्या हातात नाही.
केवढा वेळ.
कुणाच्या तरी घरात चमचा पडला.
मग खाली, खूप खाली,
टक्.

मी क्रेन चालवतो.
वरून माणसं शर्टाच्या बटणांएवढी दिसतात
आणि ट्रकएवढे डबे त्यांच्या डोक्यावरून जातात.
नव्या पोरांना सांगतो, उचलणं कुणालाही येतं,
ठेवायला शिका.
टेकायच्या आधी सोडू नका,
टेकल्यावर धरून बसू नका, तारेला ढील द्या.
भार गेला की खुर्चीखालून कळतं,
कमरेत एकदम हलकं होतं
आणि सतरा वर्षं झाली तरी दर वेळी
पोटात एक लहानसा खड्डा पडतो.
हे मात्र त्यांना सांगत नाही.

खिडकीतून नाही बघितलं.
समोरच्या मेलाहतबाईंच्या काचेत बघितलं;
ते वेगळं.
काचेत एक पिवळा स्वेटर मांजरापाशी बसला,
त्याच्याशी काही बोलला,
उठला, मोजा चाचपला,
दुकानात शिरला.
रिफ्की बाहेर येऊन वर बघेल, हात करेल,
काळजी नको अशी खूण करेल, वाटलं होतं.
नाही आला.
गिऱ्हाईक होतं त्याच्याकडे.

मग खिडकीखालून हाक:
बाबा, टोपली!
म्हटलं, दमलीस?
नाही. पाव हातात असला की बटण दाबता येत नाही.

सोडली टोपली.
दोन हिसके. जोरात, नेहमीपेक्षा.
उमुर खुर्ची ओढत आला, तीन वर्षांचा,
कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेला
(सकाळपासून कुणाला हात लावू दिलेला नाही).
दोर धरला. माझ्याकडे बघितलं.
मूठ माझ्या मुठीवर ठेवेल म्हणून मी मूठ पुढे केली.
हात काढ, म्हणाला.

काढला.
टोपली वर यायला लागली, थांबत, हेलकावत,
दुसऱ्या मजल्याच्या वाळत घातलेल्या चादरीला भिडत;
आत पाव, त्याचं टोक कुरतडलेलं,
अगदी तिच्या पुढच्या दोन दातांएवढ्या फटीसकट.
त्याच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही असा,
उरलेला दोर मी दोन बोटांत धरला.
एवढं चालतं.
एवढं चालत असावं.

जिन्यात टक्. मग टक्. मग पुन्हा टक्.
दार मी उघडंच ठेवलं होतं.
तरी तिनं बेल वाजवली.