साडेचार फुटांवर

तुर्भ्याच्या दुकानात सतरा दारं
एकामागे एक, भिंतीला बिजागऱ्यांवर,
वहीची पानं उलटावी तशी उलटता येतात.
उघडलं की आत घर नाही,
पुढचं दार.

जिग्नेशभाई एक कापलेला तुकडा हातात देतात.
वर फायबरची कातडी, मध्ये पिवळसर फोम,
कडेला भुसा नि प्लास्टिक एकजीव.
बर्फीच्या वडीसारखा. हलका.
"वाळवी नाही, फुगणं नाही,
खाडीच्या हवेचं काही चालत नाही ह्याच्यावर.
आणि दिसायला बघा, अस्सल सागवान."

मी बघते.
रेषांमध्ये डाव्या अंगाला एक गाठ.
पुढच्या दाराला तीच गाठ, तिथंच.
त्याच्या पुढच्यालाही.
कुठल्याशा झाडाची एकच फांदी तुटली
आणि सतरा घरांना तिचा वण आला.

माहेरी, घणसोली गावात,
दार दिवसभर भिंतीला टेकलेलं.
त्याच्या मागे बाबांचा पाग, कोयता,
सुक्या जवळ्याचा वास
आणि लपाछपीत सगळ्यात आधी सापडणारी मी.
ते पुढून कसं दिसायचं, आठवत नाही.
लागायचं तेव्हा मी आत असायचे.

कोपरखैरण्याच्या दाराची मात्र
आतली बाजू तोंडपाठ आहे.
सव्वीस वर्षं.
जुलैत फुगलं की खांदा लावायचा,
खाली वाळवीनं काढलेला कसला तरी नकाशा,
आणि वर, पाच फूट तीन इंचांवर,
पितळेचा डोळा. ह्यांच्या मापाचा.
हे त्यातून बघायला कधी उठले नाहीत.
"बघ गं, कोण आहे," सोफ्यावरून.
आणि मी चार फूट दहा,
चवड्यांवर उभी राहूनही न पोचणारी,
विचारायचे: कोण?
बाहेरून उत्तर यायचं: मी.
सिलिंडरवाला मी. नणंद मी.
वर्गणीची पोरं सगळी मिळून मी.
त्या मी-ला मी दार उघडायचे.

"रंग?"
सोसायटीचं पत्रक आहे: बाहेरून तपकिरीच.
खाली कुलथ्यांची सही.
आतल्या बाजूबद्दल कुलथे काही म्हणत नाहीत.
आतून मी हिरवा सांगितला, कच्च्या कैरीचा.
"साहेबांना एकदा विचारून…"
मी दारावर टकटक करून बघत होते.
भरल्या पिंपासारखा बुजलेला आवाज.
"हे आत ऐकू येणार नाही."
"बेल आहे ना, मॅडम."

भोक पाडायच्या दिवशी रामसजीवननं
सवयीनं पेन्सिल वर नेली.
मी मध्ये जाऊन उभी राहिले,
नाक दाराला टेकवलं, म्हटलं,
इथे.
साडेचार फूट.
"साहेबांना वाकावं लागेल."
ड्रिल सुरू झालं होतं.
आधी हिरवा भुगा पडला,
मग पिवळा,
मग तपकिरी.

पहिल्या संध्याकाळी कुणी यायचं नव्हतं तरी बघितलं.
जिना वाटीत ठेवल्यासारखा गोल.
समोरच्या मोकलांच्या चपला, कोरफडीची कुंडी,
ट्यूबलाइटची फडफड.
त्यात हे आले. एवढेसे.
हातात बोंबलांची पिशवी.
किल्ली विसरले असणार.
बेल लगेच दाबली नाही.
पाटी वाचत उभे राहिले, आपलंच नाव,
मग टक्कल पुसलं, शर्टाची चुणी ओढली,
दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा आल्यासारखं
पाय जुळवून उभे राहिले.

बेल वाजली.
सवयीनं मी विचारलं: कोण?
बाहेर ऐकू गेलं नसणार.
तरी त्यांचे ओठ हलले:
मी.

नव्या पायपुसण्यावर पिशवीतलं पाणी ठिबकत होतं.
अजून एक थेंब, म्हटलं,
मग उघडते.