खिंडार

इनिश मानच्या शेतांना दार नसतं.
गुरं आत न्यायची तर गडगा उतरवायचा,
गेली की परत रचायचा.
ना चुना, ना माती, दगडावर दगड,
आणि फटींतून आरपार अटलांटिकचा वारा.
नवख्याला वाटतं, फटी म्हणजे आळशी हाताची खूण.
बाप सांगायचा, बिनफटीचा गडगा
पहिल्याच वादळात आडवा होतो.

हे तो गडग्याबद्दल सांगायचा.

स्वतःचं मात्र सगळं काळ्या दगडावरची रेघ.
आमचा दगड खरं तर करडा, चुनखडीचा,
पावसात कणाकणानं विरघळणारा, पण ते असो.
शुक्रवारी मांस नाही.
टोपी काढायची ती चर्चच्या फाटकापाशी, दारापाशी नाही.
कुणाचे पैसे एका रात्रीपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत.
आणि लग्न मोडत नसतं.

सोरखाचं मोडलं.
गॉलवेहून आली, बोटीनं, पोराला घेऊन,
एका हातात बॅग, दुसऱ्या हाताची दोन बोटं प्लास्टरमध्ये.
बाप म्हणाला, परत जा.
ती मावशीकडं राहिली, सात महिने, चारशे पावलांवर.
पावलं मला ठाऊक आहेत,
ताटं मीच पोचवायचे.

मी वाद घातले.
बायबल उघडून घातले, आकडे मांडून घातले.
रेडिओवर तेव्हा हाच विषय,
मी आवाज वाढवून ठेवायचे,
तो उठून किटली चढवायचा.
मी पुढचे मोठे दगड ढकलत होते.
ते टेकलेले असतात आतल्या चिपांवर,
मुठीएवढ्या, बाहेरून न दिसणाऱ्या.
पुष्कळ नंतर मावशीनं सांगितलं,
बटाटे सोलता सोलता, काही विशेष नसल्यासारखं,
की आमच्या आजीनं काय काय सोसलं त्या घरात
आणि बाप, सात वर्षांचा, जिन्याखाली बसून ऐकायचा.
तिचं सोसणं फुकट गेलं असं ठरू नये,
म्हणून लग्न मोडत नसतं.

मार्चमधली सकाळ. बाप गाय हलवून झाला होता,
खिंडार बुजवलं होतं.
सोरखाचा टिअरनन, पाच वर्षांचा, शहरातला,
गडग्यापलीकडून विचारतो,
दार कुठंय?
बापानं त्याला आजवर एकदा हाक मारली नव्हती.
म्हणाला, दार नसतं.
मग?
मग जिथं लागेल तिथं.

आणि उतरवायला लागला,
एकेक दगड, गवतावर ओळीनं ठेवत,
काढले तसेच परत लागावेत म्हणून.
उचलून घेतलं असतं तरी चाललं असतं,
पोराचं वजन ते किती.

परत रचताना एक दगड उरला.
पन्नास वर्षांत या हातांना असं झालं नव्हतं.
त्यानं दोनदा तपासलं.
खांदा लावून पाहिला. गडगा हलेना.
उरलेला दगड तळहातावर तोलत म्हणाला,
मग हा इतकी वर्षं काय करत होता?

रात्री मी ताट झाकून निघाले तर म्हणाला,
निवतं ते रस्त्यात. तिलाच बोलाव.

एवढंच.
'घटस्फोट' हा शब्द त्याच्या तोंडून शेवटपर्यंत आला नाही,
'सोरखाचं ते' म्हणायचा.
नोव्हेंबरात शाळेत जाऊन मत देऊन आला,
काय दिलं ते सांगितलं नाही,
कागदाची घडी दोनदा घातली, एवढं मी पाहिलं.
शुक्रवारी मांस नव्हतंच. टोपी फाटकापाशीच.

आता तो नाही.
आज शेजारच्या मेंढ्यांसाठी
तोच गडगा मी उतरवलाय.
पटवून दिलं की माणसाला पटतं,
हा माझा मोठा दगड,
शाळेत तीस वर्षं मुलांना हाच देत आले.
तो हातात घेऊन उभी आहे.
मेंढ्या खोळंबल्यात.