डावा काठ

राजय्या सामल, वय एकसष्ट,
राहणार दत्त नगर, धंदा टॉवेलचा.
सिव्हिलच्या तिसऱ्या मजल्यावर
त्यांची मान सारखी उजवीकडे,
जणू तिकडून कुणीतरी बोलावतंय.

भाकरी अर्धीच खातात, उभी कापल्यासारखी.
शेंगाचटणी डाव्या बाजूला, तशीच.
विचारतात, 'आज चटणी नाही?'
पद्मावतीबाई ताट फिरवतात.
चटणी उगवते.
त्यांना नवल वाटत नाही,
मला वाटतं, रोज.

डोळे चांगले आहेत. तपासले.
उजव्या कानाच्या वर, थोडं मागे,
एक गुठळी अडकली पहाटे चारला,
माग सुरू होते तेव्हा,
आणि जगाचा डावा अर्धा भाग
गेला नाही,
नुसता मोजला जाईनासा झाला.

मी कागदावर आडवी रेघ ओढते.
मध्य दाखवा.
ज्या माणसानं चाळीस वर्षं
बोटांनी चाचपून पन्ह्याचा मध्य काढला,
तो पेन टेकवतो पार उजव्या टोकाशी
आणि म्हणतो, 'बराबर.'

धोटा डावीकडं जातो, मग?
'येतो की.'
कुठून?
बराच वेळ पंख्याचा आवाज.
'येतो.'

डोळे मिटा, मी म्हणते,
गल्लीच्या तोंडाशी उभे राहा, चौक पाठीमागे.
काय काय आहे?
पिठाची गिरणी. रंगवाल्याचं शटर. दत्तूचा चहा.
सगळं एकाच अंगाचं.
आता शेवटच्या भिंतीपाशी जा,
तिथून वळा, चौकाकडं बघा.
चिंच, म्हणाले. पोष्टाची पेटी.
विडीचा कारखाना, हिचा,
सतरा वर्षं पानं कातरत बसली तिथं.
आणि गिरणी?
गिरणी नव्हती.
दळणाचा तो सगळा आवाज
नुसत्या पाठ फिरवण्यानं पुसला गेला.
आठवणीलाही डावी बाजू असते
हे पुस्तकात वाचलं होतं मी,
परीक्षेत लिहिलंही होतं. दहा मार्कांना.

एकदा त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडं
उजव्या हातानं बोट दाखवलं,
कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणाले,
'हिचा असंल.'
त्यात अगदीच चूक नव्हती.
अर्धा तास तो तिच्याच मुठीत होता.

मी पद्मावतीबाईंना सांगितलं, खुर्ची तिकडं न्या,
जिथं तुम्ही त्यांना दिसणार नाही.
तिथून हाक मारायची. त्यांना वळावं लागलं पाहिजे.
त्या हसल्या, पदर तोंडाला लावून.
'तिथंच तर होते मी बाई, लग्न झाल्यापासून.'
मग खुर्ची ओढली,
फरशीवर जोरात घासत,
आणि आपल्या भाषेत सुरू झाल्या:
एडम, एडम. इटु चूडंडि.
मान हलली नाही.
एडम.
तेराव्या की चौदाव्या हाकेला
दोन बोटं हलली. मान, हात नव्हे.
मी वहीत लिहिलं आणि तारीख टाकली.

रात्री सात रस्त्याच्या माझ्या खोलीत
मी स्वतःसाठी एक रेघ ओढली,
मध्यावर खूण केली, पट्टीनं मोजली.
चार मिलिमीटर. डावीकडं.
पुन्हा केली. तीन.
धडधाकट माणसांची खूण
बहुधा अशीच जरा डावीकडं घसरते म्हणे,
आणि कुणी दवाखान्यात येत नाही त्यासाठी.
आईचे दोन मिस्ड कॉल होते.
फोन उशीच्या कुठल्या बाजूला पडला होता
ते सांगत नाही.

मंगळवारी पद्मावतीबाईंनी घरचा टॉवेल आणला,
डाव्या काठाला स्वतःच घातलेला
जाड लाल धागा.
ताटाखाली अंथरला.
लाल सापडल्याशिवाय जेवण संपलं म्हणायचं नाही,
असा नियम मीच केला होता,
त्यांनी तो दटावून सांगितला.

उजवा हात निघाला.
भाकरीची कड, वाटीची कड, स्टीलची कड,
ज्या हातानं जन्मभर किनार तपासली
तो आंधळ्यासारखा सूत चाचपत
जिथं काहीच नव्हतं तिकडं सरकत गेला.
तिथं लाल धागा होता.
अलीकडं चटणी.

चिमूटभर तोंडात टाकली त्यांनी.
'मीठ जास्त झालंय,' म्हणाले,
आणि कोण बनवतं ते माहीत असल्यासारखे
तिच्याकडं,
म्हणजे डावीकडं,
जरासे चिडून बघू लागले.