सरावाचा पूर

मे महिन्यातल्या एका मंगळवारी
पूर आणायचं ठरलं.
खैरनार साहेबांनी वेळापत्रकावर सही केली:
सकाळी दहाला आकड्यांची ये-जा सुरू,
साडेतीनला खोटा पाऊस,
सहाला खोटं पाणी सराफ बाजारात.

दर पंधरा मिनिटांनी
पावसाच्या मॉडेलनं धरणाच्या मॉडेलला द्यायचं,
धरणाच्या मॉडेलनं नदीच्या.
मध्ये पाच मिनिटं मोकळी,
आकड्यांना दम खायला.
प्रत्येक पाकिटावर शिक्का: सराव.
न जाणो, एखादं निसटलं
आणि भर उन्हात कुणी भांडीकुंडी आवरू लागलं तर.

बाहेर गोदावरी,
होळकर पुलाखाली, पाय भिजतील इतकीच.

दहा वाजले.
यंत्रणा एकामागून एक जाग्या झाल्या,
कुणी हाक न मारता.
मी खुर्चीत मागे रेलले.
तन्वीर समोसे आणायला गेला.
तो परत येईपर्यंत
पडद्यावर नदी
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलेली.

पाऊस अजून पडायचा होता.

साहेब म्हणाले, हे कुठलं पाणी?
कुणालाच सांगता येईना.
ढगाआधी पूर,
सगळे आकडे बरोबर,
सगळी पाकिटं वेळेवर.

तासाभरानं सापडलं.
पावसाचं घड्याळ ग्रीनिचचं,
धरणाचं गंगापूरचं.
साडेपाच तासांची फट
आणि त्या फटीतून आलेली अख्खी नदी.
एका रकान्यात मी वेळ लिहिली होती.
कुणाची, ते लिहिलं नव्हतं.

कोपऱ्यात गेणू बेंडकुळे बसले होते,
पूर्वी धरणावर पाण्याची पट्टी वाचायचे,
आज पाहुणे म्हणून बोलावलेले,
बशीत चहा ओतून घेत होते.
म्हणाले, आमचा फोन तासातासाला असायचा.
हँडल फिरवायचं, खरखर ऐकायची,
आणि आधी विचारायचं,
साहेब, तुमच्यात किती वाजले?
माझं घड्याळ सासऱ्यानं दिलेलं,
दिवसाला चार मिनिटं मागं पडायचं.
जुळवून घेतलं की मग पाणी सांगायचं.

एवढंच बोलून ते चहा प्यायले.
तो गार झाला होता.

बाराला सगळं पुसून नव्यानं मांडलं.
आता पहिल्या पाकिटात पाणी नाही,
आकडा नाही,
फक्त एक विचारणं.
उत्तर जुळलं तरच पुढचं दार उघडतं.
तन्वीरनं त्या ओळीला नाव दिलं, गेणू.
साहेबांनी कागदावर ते खोडलं.
कोडमध्ये तसंच राहिलं.

साडेतीनला पाऊस आला.
सहाला पूर.
लोकांनी टाळ्या वाजवल्या,
एवढं शहर बुडाल्यावर.

संध्याकाळी मी पायीच घाटावर गेले.
मारुती तळव्यापर्यंत कोरडा,
सिमेंट अजून तापलेलं.
पोरं त्याच्यापुढे क्रिकेट खेळत होती,
एकाला घरी जायची घाई.
ताई, वाजले किती?
सात दहा, म्हटलं,
आणि जीभ थांबेना:
नाशिकचे.